भिवराची सासू

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

वाचनालय सुरू करून आज तीन महिने झाले, म्हणून ही वही काढली. वाचनालय म्हणजे तरी काय, दोन कापडी पिशव्या, माझे दोन पाय आणि ठाण्याच्या एका बंद पडलेल्या वाचनालयाने काढून टाकलेली तीनशे पुस्तकं. डोंबिवली पश्चिमेचे जिने चढायचे, बेल वाजवायची, जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं. यांचं म्हणणं, "सहा महिन्यांत गुडघे जातील." हे स्वतः रहस्यकथांपलीकडे काही वाचत नाहीत, आणि त्यांतही खुनी कोण ते आधी शेवटचं पान उघडून बघून घेतात. त्यामुळे यांचं मत मी धरत नाही.

तीन महिन्यांत एक गोष्ट कळली आणि ती मला मुळीच आवडलेली नाही. लोकांना रडायचंय. दार उघडल्या उघडल्या बायका विचारतात, "नंदाताई, ऐतिहासिक काही आहे का? प्रेमाचं, आणि शेवटी..." शेवटी काय ते बोलत नाहीत, पदर डोळ्यांशी नेऊन दाखवतात. चांगली प्रवासवर्णनं मी पिशवीतून वर नेते आणि तशीच खाली आणते.

सगळ्यांत मागणी 'बुरुजावरचा दिवा' या कादंबरीला. आरमाराचा काळ. भिवरा नावाची नवी नवरी, सुभानजी नावाचा तिचा दर्यावर्दी नवरा. तो मोहिमेवर जातो. तो येईपर्यंत रोज संध्याकाळी बुरुजावर दिवा लावीन असं ती वचन देते. तो काही येत नाही. ती चाळीस वर्षं दिवा लावते आणि शेवटच्या पानावर दिव्याशेजारीच प्राण सोडते. मी शेवट नुसता चाळला, पण गोष्ट कळली. यात रडण्यासारखं काय आहे? मला पुस्तक वाचून रडू येत नाही. लग्नात सासरी निघतानासुद्धा आलं नव्हतं, आईला त्याचं अजून वाईट वाटतं.

शेवटच्या पानाखाली आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. एकाने: "शेवट कृपया वाचू नये." त्याखाली दुसऱ्या अक्षरात: "का? मी तर शेवटच तीनदा वाचला." त्याखाली: "लेखकाला पाप लागेल." सगळं खोडरबराने पुसून टाकलं. माझ्या वाचनालयाचा नियम आहे, पुस्तकात कोणी काही लिहायचं नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून पुस्तक परत घेताना विचारायला लागले, आवडलं का आणि का आवडलं. मला खरंच जाणून घ्यायचंय.

महिपतराव, निवृत्त इतिहासशिक्षक, दारातच तडकले. "या लेखकाला फासावर द्या! बाराव्या प्रकरणात भिवरा उपासाला बटाटा खाते. त्या काळी कोकणात बटाटा? आणि मुळात अशी बाई झालीच नाही. कुठल्याही बखरीत नाही." मी म्हटलं, मग पुस्तक तीन आठवडे ठेवलंत कशाला? तर म्हणाले, "चुका काढत होतो." चुका काढलेला कागद त्यांनी मला दिला. त्यात शेवटच्या प्रकरणातली एकही चूक नाही.

रखमाबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. पासष्टीच्या असतील. ही कादंबरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितली. मी विचारलं, "अहो, परत तेच रडायचं?" तर शांतपणे म्हणाल्या, "घरात रडलं तर कारण सांगावं लागतं हो. पुस्तक हातात असलं की कोणी विचारत नाही." मला हसू आलं. किती साधी माणसं असतात.

२० सप्टेंबर, रविवार

सकाळी टीव्हीमुळे रस्ते ओस, म्हणून रविवारी मी घरोघर जात नाही. पुस्तकांना कव्हरं घालत दारात बसले होते. चंद्रभागा मावशी आल्या. रेतीबंदराच्या कोळीवाड्यातल्या, बुधवार-शुक्रवार-रविवार त्यांच्याकडचेच मासे घेतो. सोबत सून जनी असते, दुसरी पाटी तिच्या डोक्यावर. सासू भाव करते, सून मासे साफ करते. जनी बावीस-तेवीसची असेल, हातभर हिरव्या बांगड्या, बोलणं जवळजवळ नाहीच.

मावशींची नजर 'बुरुजावरचा दिवा'च्या चित्रावर गेली. चित्रात गलबत आहे आणि वर बुरुजावर दिवा.

"यो गलबत कनाचा गो बाय?"

मी थोडक्यात सांगितलं. मावशी पाटी खाली ठेवून बसल्याच. "वाच. पोर मासली करते तवर वाच."

मी पहिलं प्रकरण वाचलं. मध्येच त्यांनी विचारलं, "इतिहास हाय ना यो? म्हंजे घडलेला?" मी म्हटलं, तसंच म्हणतात. बटाट्याचं काही बोलले नाही. जाताना कोलंबीचा एक वाटा जास्तीचा ठेवून गेल्या. "बुदवारला पुढचा वाचशील तर अजून देईन," म्हणाल्या. माझ्या वाचनालयाला आज एक न वाचणारी वाचक मिळाली.

२३ सप्टेंबर, बुधवार

मावशी ठरल्याप्रमाणे आल्या. काल सर्वपित्री होती. मी सहज विचारलं, पानं ठेवलीत का? म्हणाल्या, "ठेवली. सासऱ्याचा ठेवला, मालकाचा ठेवला. मारुतीचा नाय ठेवला."

मारुती म्हणजे मुलगा, जनीचा नवरा. हे मला माहीत नव्हतं. तो पाच वर्षांपूर्वी अर्नाळ्याकडच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. वादळात बोट बुडाली, दोघांची प्रेतं मिळाली, मारुतीचं नाही. "गावला नाय तो मेला कसा?" मावशी म्हणतात. लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते.

आता शहाडकडच्या एका घरातून जनीला मागणी आली आहे. बायको वारलेला माणूस, कारखान्यात नोकरी. त्यांच्यात अशा पोरीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावतात, त्यात कमीपणा मानत नाहीत, पण सासूने हो म्हटल्याशिवाय होत नाही. देवदिवाळीपर्यंत उत्तर द्यायचंय. मावशींचं काही ठरत नाही. "उद्या पोर आयला नि बोलला, माजी बायको कुटं हाय? तर काय सांगू?"

हे चाललेलं असताना जनीने मान वर केली नाही. बोईटाची खवलं काढत राहिली. बिचारी अजून त्याच्यातच गुंतलेली दिसते. आमच्या भिवरासारखीच.

३० सप्टेंबर, बुधवार

नवरात्र चालू आहे, मासे कोणी घेत नाही. तरी दोघी आल्या, रिकाम्या पाट्या घेऊन! मावशी म्हणाल्या, "गोष्टीला कुटं उपास हाय?" चहा केला, सहावं आणि सातवं प्रकरण वाचलं. सुभानजीची मोहीम निघते, भिवरा वचन देते. सासू तिला नथ देते ते तिसऱ्या प्रकरणातलं पान मावशींनी पुन्हा वाचायला लावलं. मी भांडी आत ठेवायला गेले आणि आले तर पुस्तक जनीच्या मांडीवर.

"चित्र बगत व्हते," ती म्हणाली. मग म्हणाली, "ताय, किती पाना रायली?" तिला लवकर संपायला हवंय की संपू नये असं वाटतंय, मला कळलं नाही.

निघाल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली एक माणूस उभा होता, तिशी-पस्तिशीचा, पांढरा शर्ट. याला मी तीन-चारदा पाहिलंय. दर खेपेला या दोघींच्या पाटीपाशी थांबतो, पण मासे न्यायला पिशवी कधी आणत नाही. आज तर पाट्या रिकाम्या होत्या. काही गिऱ्हाइकं अशी वेंधळीच असतात.

११ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्यानंतर पुन्हा मासे सुरू झाले आणि वाचनही. पंधरावं प्रकरण झालं. बातमी येते की तीन गलबतं बुडाली. मावशी पुढे सरकून ऐकत होत्या. मध्येच हात धरला माझा, "याची यात व्हती का गो?" मी म्हटलं, पुढे कळेल.

त्या गेल्यावर शेवटची तीन प्रकरणं नीट वाचून ठेवली. पुढच्या रविवारी मोठ्याने वाचायची आहेत. धुळीने माझा घसा धरला असावा. डोळेही चुरचुरत होते. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, कव्हरांच्या डिंकाचा वास.

शेवटच्या पानावर माशाचं खवलं चिकटलेलं होतं. ते पान तर अजून मी त्यांच्यासमोर उघडलेलंही नाही. उडून आत गेलं असणार. नखाने काढलं, पण वास राहिला. रखमाबाईंना काय सांगू?

१८ ऑक्टोबर, रविवार

आज शेवट वाचला. म्हणजे वाचला नाही. काय केलं ते इथे खरं लिहिते.

सतरावं प्रकरण संपलं. दोन वर्षं झाली आहेत, भिवरा दिवा लावतेय. पुढचं पान उलटायच्या आधी मी वर पाहिलं. मावशी दोन्ही हात जोडून बसल्या होत्या, देवळात बसतात तशा. आणि मी पान न उलटताच बोलत गेले: एके दिवशी पहाटे लांबवर एक शीड दिसलं. फाटलेलं होतं. भिवरा पायऱ्या उतरून धावली. सुभानजीची दाढी वाढली होती, तो परमुलखात कैदेत होता, पण बुरुजावरचा दिवा त्याला दिसला आणि त्याने बंदर ओळखलं.

मला इतकं सुचेल असं वाटलं नव्हतं. शिडाला ठिगळंसुद्धा लावली.

मावशी रडल्या आणि हसल्या, दोन्ही एकदम. "मी बोलत व्हते ना? मी बोलत व्हते ना? दिवा पायजे! दिवा नसंल तर मानूस यील कसा?" त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांचे हात ओले होते, माझ्या चेहऱ्याला कोलंबीचा वास आला.

विळीवरचे जनीचे हात थांबले होते. माझ्याकडे बघत म्हणाली, "ताय, इतकाच? तुमी पान नाय उलटला."

"पाठ झालंय मला," मी म्हटलं. पोरगी बारीक लक्ष ठेवते.

कोणाचं काय बिघडलं? पाच वर्षं दुःखात असलेल्या बाईला एक गोड शेवट दिला. लेखकाला तेवढं सुचलं नाही, मला सुचलं.

२५ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. मावशी चिंबोऱ्या घेऊन आल्या, फार खुशीत. सांगत होत्या, रेतीबंदरावर जुन्या धक्क्याला खांब आहे, त्यावर आता त्या रोज संध्याकाळी कंदील टांगतात. म्हणजे जनी टांगते. "बायकोनंच लावायचा असतो. तुज्या पुस्तकात तसाच हाय." रॉकेल मात्र मावशी आणतात. रेशनच्या रांगेत सकाळी सकाळी उभ्या राहतात.

मला बरं वाटायला हवं होतं. पण खाडी ती, तिथून कुठलं गलबत येणार?

जनीला विचारलं, तब्येत ठीक आहे ना? ती वाळल्यासारखी दिसते. "ठीक हाय," म्हणाली. विळीने बोट कापून घेतलं होतं, त्याला चिंधी.

पिंपळाखालचा माणूस आज नव्हता.

४ नोव्हेंबर, बुधवार

हे असं होईल याची मला कल्पना नव्हती.

मावशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "शाडवाल्यांना नाय सांगितला. देवराम सोता आयला व्हता भावाला घेऊन, देवदिवालीची वाट पन नाय बगितली. मी सांगितला, पोर मोकली नाय. तिचा नवरा यायचा हाय." मग माझ्याकडे बोट करून, "मी सांगितला त्यांना, पुस्तकात छापलाय. दोनशे वरसांमागे यो असाच झाला, तवा पन लोक बोलत व्हते मेला, मेला. आयला ना?"

घरात जाऊन पातेलं घेऊन आले, ते घ्यायला गेले नव्हतेच.

हा देवराम म्हणजे पिंपळाखालचा पांढरा शर्ट असेल का? जनीला विचारावं म्हटलं तर ती डोक्यावर पाटी घेऊन जिना उतरत होती. या वेळी तिच्या पाटीखालची चुंबळ तशीच माझ्या पायरीवर राहिली.

५ नोव्हेंबर

यांना सगळं सांगितलं. वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तू आख्खी कादंबरी फिरवलीस?" मग म्हणाले, "म्हणून मी शेवट आधी बघून घेतो." यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

मी काय करू? खरं सांगितलं तर चंद्रभागा माझं तोंड बघणार नाही, आणि तो आनंद जाईल तो जाईलच. आणि कोण जाणे, जनीलाही वाट बघायचीच असेल. मी कोण ठरवणारी?

७ नोव्हेंबर, शनिवार

आज शनिवार असून जनी आली. एकटी, पाटी नाही. चुंबळ न्यायला आले म्हणाली. चुंबळ घेतली तरी उभीच.

मग एकदम म्हणाली, "ताय, मी चवथीपर्यंत शिकलेली हाय."

मला समजेना ही काय सांगते.

"शेवटची पाना मी वाचली. दसऱ्याच्या आधीच. तुमी च्या कराया जायच्या तवा थोडा थोडा वाचायची." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "जोडाक्षर अडतात, पर समजला. ती म्हातारी झाली नि मेली. मी रोज वाट बगत व्हते तुमी आयेला कवा वाचून दावाल. म्हनून ईचारत व्हते, किती पाना रायली."

मी म्हटलं, "अगं पण तुला... तुला मारुती..."

"सात महिने, ताय," ती म्हणाली. "त्यातले चार तो बोटीवरच व्हता. चांगला व्हता. मना त्याचा तोंड आठवत नाय आता. आय कंदील लावाया सांगते, मी लावते. आयेला कोन हाय दुसरा? मी कसा सांगू तिला, मना नाय लावायचा?" मग आवाज खाली गेला. "देवराम बोलला, होलीपर्यंत थांबतो. तवर आय बोलली तर. पुस्तकानं बांदलाय मना. पुस्तकानंच सोरवा."

मी मूर्ख. दीड महिना मी या पोरीला भिवरा समजून बघत होते.

१० नोव्हेंबर

घसा खराब आहे म्हणून आज कोणाकडे गेले नाही. घसा खराब नाही. उद्या मावशी येतील.

११ नोव्हेंबर, बुधवार

आल्या. वाचलं नाही. कोलंबी महाग झाली यावर बोलत बसले.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

वाचलं.

मी म्हटलं, "मावशी, त्या पुस्तकाचा शेवट परत वाचायचाय." त्यांना वाटलं, पुन्हा तोच आनंद. मांडी घालून बसल्या. जनी बोईट घेऊन बसली. मी या वेळी पान उलटलं आणि जसं छापलंय तसं वाचत गेले. पाचवं वर्ष. दहावं वर्ष. भिवराचे केस पांढरे होतात. गावातली पोरं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, ती पायऱ्या चढतेच आहे. माझा आवाज तिसाव्या वर्षापाशी फुटला. मी वाचत राहिले, अक्षरं दिसत नव्हती तरी. एकेचाळीस वर्षांची बाई मी, मासे साफ करणाऱ्या दोघींपुढे हुंदके देऊन रडले आणि रडत रडत पुस्तक संपवलं. किती दिवसांचं कुठलं कुठलं निघालं, देव जाणे.

मावशी रडल्या नाहीत.

"मंग त्या दिशी तू काय वाचला?"

"मनाचं सांगितलं, मावशी."

"कनाला?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मना वाईट वाटायचा अजून रायलाय का?" आवाज चढला नव्हता. मग म्हणाल्या, "नि यो तरी खरा घडला का?"

मी म्हटलं, माहीत नाही. मास्तर म्हणतात, नाही घडलं. लिहिणाऱ्याने लिहिलंय.

"म्हंजे त्यानं मनाचा लिवला, तू मनाचा सांगितला." त्यांनी पदराने हात पुसले. मला वाटलं आता उठतील आणि परत येणार नाहीत. पण त्या म्हणाल्या, "चालीस वरसं बोलला ना?"

"हो."

"नि तिची सासू?"

मी मागची पानं उलटली. तिसऱ्या प्रकरणात सासू नथ देते. त्यानंतर तिचं नाव नाही. तसं सांगितलं.

"नाव नाय म्हंजे? पोर रोज बुरजावर चरते. घरात म्हातारी असंल ना? ती काय करत व्हती? बगत व्हती?" त्या थांबल्या. "दिव्याला तेल लागतं, बाय. यवरा तेल त्या पोरीला कोन आनून देत व्हता?"

जनीचे हात विळीवर थांबले होते. मावशी तिच्याकडे बघत होत्या, आणि मला वाटतं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघत होत्या. मग उठल्या, विळी तिच्यापुढून ओढून घेतली. "तू जा घरी. मी करते मासली. नि सांजच्याला बंदरावर जाऊ नको."

जनी गेली नाही. तिथेच बाजूला बसून राहिली. राहिलेली बोईटं मावशींनी साफ केली, फार हळूहळू, आणि जाताना पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

माझा नियम मी आज मोडला. 'बुरुजावरचा दिवा'च्या शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलं: "भिवराची सासू चाळीस वर्षं काय करत होती? एका ऐकणारीचा प्रश्न." सही केली नाही. खोडरबर पिशवीत आहे, पण हे पुसणार नाही. पुस्तक महिपतरावांनी पुन्हा मागितलं होतं, त्यांना दिलं; त्यांच्यानंतर रखमाबाईंकडे जाईल.

२२ नोव्हेंबर, रविवार

देवदिवाळी काल झाली. मावशी आल्या नाहीत, बुधवारीही नाही, शुक्रवारीही नाही. आज हे बाजारातून मासे घेऊन आले. काटे फार होते.

संध्याकाळी फिरायला म्हणून रेतीबंदरावर गेले. जुन्या धक्क्याच्या खांबावर कंदील नव्हता. विचारायचं धाडस झालं नाही, परत आले.

२ डिसेंबर, बुधवार

पुस्तक फिरून परत आलं. माझ्या प्रश्नाखाली महिपतरावांचं अक्षर: "सासूच्या उत्तरायुष्याविषयी साधने उपलब्ध नाहीत. तथापि प्रश्न योग्य." त्याखाली रखमाबाईंचं थरथरतं अक्षर. त्यांनी बाकीच्यांसारखं निनावी लिहिलेलं नाही, खाली नाव घातलंय: "मी एकोणिसाव्या वर्षापासून वाट पाहिली. हे मला कोणी विचारलं नाही. रखमा."

मी त्यांच्याकडे साडेपाच महिने जाते आहे. कोणाची वाट, ते मी कधी विचारलं नाही. पुस्तक हातात असलं की कोणी विचारत नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं आणि मी हसले होते.

६ डिसेंबर, रविवार

दहा वाजता जिन्यात ओळखीची हाक आली. मावशी. एकट्या. एकच पाटी.

पाटी उतरवून घेतली. त्या बसल्या, पाणी मागितलं. मग सांगितलं. परवा शुक्रवारी जनीचा पाट लागला. चार माणसं होती. देवरामने साडी आणली. मारुतीच्या नावाच्या हिरव्या बांगड्या मावशींनी स्वतः उतरवून ठेवल्या, "फोरल्या नाय, उतरवल्या," हे दोनदा सांगितलं, आणि नव्या भरल्या त्या पण स्वतः भरल्या. निघताना जनी गळ्यात पडून रडली. "मी बोलले, रर. आता कारन हाय तर रर."

मी विचारलं, "आणि तुम्ही, मावशी? एकट्याच?"

"पुढल्या आयतवारी येनार हाय ती. शाड काय लांब हाय? तो बोलला, आयतवारी मी सोता घेऊन येतो." मग विळी मांडली. आता साफ करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीही समोर बसून खवलं काढायला घेतली. मला नीट जमत नाही, त्यांनी दोनदा माझा हात धरून दाखवलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "कंदील घरात आनलाय. माज्या जेवनाला उजेड नको का?"

मी म्हटलं, हवा.

"मारुतीचा पान पुढल्या सर्वपित्रीला ठेवीन का नाय, त्या वक्ताला बगू." आणि पुढचं बोईट उचललं.

सगळे मासे झाले, तरी त्या उठेनात. मान वळवून माझ्या पिशवीकडे बघत होत्या. मी हात धुतले, पिशवी ओढली. वर एक विनोदी पुस्तक होतं, ते काढलं. म्हटलं, हे वाचूया, खूप हसाल.

"ररका नाय का?" त्या म्हणाल्या.

"आहे की. पण..."

"ररका काढ," चंद्रभागा मावशी म्हणाल्या. "पर आता सगला वाच. एक पान सोरू नको."